वैमानिकाची चूक

विमान कोसळते, माणसे जातात, चौकशी बसते आणि पुष्कळ दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ओळ येते : 'अपघात वैमानिकाच्या चुकीमुळे झाला.' ही ओळ वाचली म्हणजे आपले समाधान होते. कोणीतरी चुकला होता, तो सापडला आणि बहुधा तोही त्या अपघातात गेला. प्रकरण मिटले. पण श्रोतेहो, ते खरोखरच मिटते काय? आजच्या भाषणात या एका ओळीचा थोडा इतिहास सांगावा असा माझा विचार आहे, आणि त्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरात, ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री जे घडले त्यावरून हा विषय चांगला समजतो.

एका वाक्यात न्याय देण्याची सवय आम्हा पुणेकरांना जुनी आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले, हा वाद आमच्या नारायण पेठेतल्या ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आणि त्याचा निकाल बहुधा 'भाऊसाहेब चुकले' असाच लागत आला. कोणी म्हणे, बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर नेले हे चुकले. कोणी म्हणे, गनिमी कावा सोडला हे चुकले. कोणी म्हणे, सुरजमल जाटाला दुखावले हे चुकले. यातले एकेक म्हणणे घेऊन वाद घालता येईल. पण इतिहास शिकवणाऱ्याला वर्गात पुढचा प्रश्न घ्यावा लागतो. भाऊसाहेब चुकले असे घटकाभर मानले, तर ते का चुकले? त्या दिवशी, त्या जागी उभे असताना त्यांना काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते? दाणागोटा कोठे अडला, पत्रे कोठे अडली, पैसा का पोचला नाही? 'कोण' या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येते. 'का' या प्रश्नाला मात्र सारी मोहीम तपासावी लागते.

विमान-अपघाताची चौकशी करणारे अधिकारी हेच काम करतात. फरक इतकाच की त्यांच्या उत्तरावर पुढे विमानात बसणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

आता जुन्नरची हकीकत पाहू. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान ऑस्ट्रेलियातील सिडनीहून निघाले होते. डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान आणि अखेर रोम असा त्याचा लांबचा मार्ग होता. बँकॉकहून ते ६ जुलैच्या रात्री मुंबईकडे निघाले. विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, अशी एकूण ९४ माणसे होती. जुलै महिना, म्हणजे ऐन पावसाळा. सह्याद्रीवर ढग उतरलेले, रात्रीची वेळ, आणि खाली डोंगराळ मुलूख. अशा वेळी वैमानिकाला खिडकीतून काही दिसत नाही. त्याला यंत्रांच्या काट्यांवर आणि रेडिओवरील शब्दांवर विसंबावे लागते.

मुंबई जवळ येत चालली तसे विमानाने खाली उतरण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. टप्प्याटप्प्याने विमान उतरू लागले. शेवटच्या संभाषणात आपण ५००० फुटांवरून ३६०० फुटांकडे येत आहोत, असे त्याने मुंबईला कळवले. त्यानंतर थोड्याच वेळात संभाषण थांबले. मुंबईचे नियंत्रक हाका मारीत राहिले, उत्तर आले नाही. रात्री बारा वाजून सुमारे दहा मिनिटांनी विमान डोंगरावर आदळले होते. जागा मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या परिसरात, सुमारे ३६०० फूट उंचीची. ९४ पैकी एकही माणूस वाचला नाही.

हा मुलूख ज्यांनी पायी पाहिला आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन समजेल. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात याच वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे कल्याणच्या बंदराकडे उतरत. घाटातल्या गुहेत राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि वर दगडी रांजण आहे. घाटाच्या तोंडावर उभे राहिले की पायाखाली एकदम कोकण दिसते. अलीकडे देश, पलीकडे कोकण, आणि मध्ये सह्याद्रीची ताठ भिंत. जीवधन, चावंड, हडसर असे किल्ले या भिंतीवर आणि तिच्या मागे उभे आहेत. जरा उत्तरेला हरिश्चंद्रगड तर १४२४ मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांच्याही वर गेलेला आहे. ही भिंत ओलांडली की कल्याणपासून मुंबईपर्यंतचा मुलूख बराच सखल. तेथे ३६०० फुटांवर विमान असले तर काळजीचे कारण नाही. पण भिंतीच्या अलीकडे ३६०० फूट म्हणजे डोंगराचा माथा.

तेव्हा झाले ते असे. आपण घाट उतरलो, असे त्या विमानातल्या माणसांना वाटले, आणि घाट अजून उतरायचा होता.

आणि हे अंतर किती? जेट विमान उंचावरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर मिनिटाला १५ किलोमीटर होतात. ८४ किलोमीटर म्हणजे सहा मिनिटांहूनही कमी. पंख्याच्या विमानांच्या काळात पाच मिनिटांच्या चुकीने जेवढे अंतर चुकत असे, त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर आता चुकू लागले होते. डीसी-८ विमाने प्रवासी वाहतुकीत आली ती १९५९ साली. म्हणजे या अपघाताच्या वेळी जेट विमानाचे युग अवघे तीनेक वर्षांचे होते.

भारत सरकारने या अपघाताची चौकशी केली. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की विमान कोणत्याही देशाचे असो, अपघात ज्या देशाच्या भूमीवर झाला त्या देशाने चौकशी चालवावी, आणि विमान ज्या देशाचे असेल त्याच्या प्रतिनिधीला तीत भाग घेऊ द्यावा. अशा चौकशीत अवशेष कोठे, किती लांब, कोणत्या दिशेने पसरले हे मोजतात. त्यावरून विमान सरळ उडत होते की गिरक्या खात पडले, ते समजते. इंजिने चालू होती की बंद, हे पंख्यांच्या पात्यांवरील वळांवरून कळते. यंत्रांचे काटे आदळण्याच्या क्षणी कोठे अडकले ते पाहतात. नियंत्रकाच्या संभाषणाची नोंद शब्द न्‌ शब्द, सेकंदासकट उतरवून काढतात. हवामान, नकाशे, वैमानिकांची प्रशिक्षणाची कागदपत्रे, सगळे मांडून ठेवतात.

निष्कर्ष असा निघाला : विमान कोठे आहे याचा हिशेब चुकला, त्यामुळे आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जवळ आलो असे वैमानिकाला वाटले, आणि रात्री, ढगाळ हवेत, सरळ उतरण्याच्या बेताने त्याने वेळेआधीच खाली यायला सुरुवात केली. याला तीन गोष्टींची जोड मिळाली. आपली नेमकी जागा ठरवण्याची जी साधने हाताशी होती त्यांचा वैमानिकाने उपयोग केला नाही. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली तो गेला. आणि या मार्गावरील भूप्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता.

येथे थोडे थांबू. पहिल्या दोन गोष्टी कोणी कितीही सहानुभूतीने वाचल्या तरी त्यांतला दोष पुसता येणार नाही. जागेबद्दल शंका असो वा नसो, खाली डोंगर आहेत आणि वर अंधार आहे अशा वेळी नेमून दिलेल्या उंचीखाली उतरायचे नाही, हा वैमानिकाच्या धंद्यातला अगदी पहिला धडा. तो मोडला गेला आणि ९४ माणसे गेली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा आपला शिष्टाचार घरी ठीक आहे, चौकशीच्या टेबलावर तो चालत नाही. तसे केले तर पुढच्या विमानातल्या माणसांवर अन्याय होईल.

पण तिसरी गोष्ट पाहा. भूप्रदेशाचा परिचय नव्हता. हा दोष कोणाचा? माणसाला अनोळखी मुलखातून, पावसाळ्यात, रात्री पाठवायचे ते कोणी ठरवले? त्याला या मार्गाची ओळख करून देण्याचे काम कोणाचे होते? सह्याद्री ही काय चीज आहे हे त्याला कोणत्या नकाशाने, कोणत्या भाषेत, किती ठळकपणे सांगितले? 'अपरिचित' हा शब्द लिहिला की बोट आपोआप वैमानिकाकडून त्याच्या मागच्या माणसांकडे वळते. म्हणजे ज्या अहवालावरून आपण 'वैमानिकाची चूक' अशी ओळ काढतो, त्याच अहवालात त्या ओळीपलीकडे जाणारी वाट आहे. आपण वाचताना तेथे पोचण्याआधी थांबतो.

आणखी एक अडचण आहे, ती इतिहासाच्या अभ्यासकांना चांगली ठाऊक असते. आपल्याला शेवट माहीत असतो. पानिपताचा निकाल माहीत असलेल्या माणसाला भाऊसाहेबांचे प्रत्येक पाऊल चुकीचे दिसते. डोंगर कोठे होता हे माहीत असलेल्या माणसाला ५००० फुटांवरून खाली येणे म्हणजे वेडेपणा वाटतो. पण त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या मनात डोंगर मागे पडलेला होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते जे करीत होते ते रोजचे, साधे काम होते. समजूत चुकीची होती. तेव्हा चौकशी करणाऱ्याने 'यांनी असे भलते का केले?' हे विचारून भागत नाही. 'यांना हे बरोबर का वाटले?' हे त्याने विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारला तरच पुढच्या वैमानिकाची समजूत चुकू नये म्हणून काही करता येते.

ही समजूत काही एकट्या त्या इटालियन वैमानिकाची नव्हे. याआधी १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनी केएलएमचे विमान मुंबईत सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले होते. तोही पावसाळाच, ढग तसेच खाली आलेले. ४५ माणसे गेली, त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. आणि यानंतर २४ जानेवारी १९६६ रोजी आपल्या एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग विमान युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते, त्यामुळे ही घटना घरोघर माहीत आहे. त्या अपघातामागची समजूत मात्र फारशी कोणाला माहीत नाही.

फ्रेंच चौकशी मंडळाने जे म्हटले त्याचा आशय असा. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद होते. पर्वतापासून आपण किती अंतरावर आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला आणि तो त्याने नियंत्रकाला सांगितला. नियंत्रकाला रडारवर ती चूक दिसली आणि त्याने वैमानिकाला कळवलेही. पण ज्या शब्दांत कळवले ते पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाला वाटले, आपण शिखराची रांग ओलांडली. तो उतरत राहिला.

पाहिलेत? जुन्नरला जे झाले तेच. डोंगर मागे पडला असे वाटणे आणि तो पुढे असणे. पण येथे चौकशीने एक पाऊल पुढे टाकले. वैमानिक चुकला, हे तर खरेच. पण चूक लक्षात आलेली असूनही ती दुरुस्त झाली नाही, कारण दोन माणसांमधले वाक्य ढिले होते. मग उपाय काय? वैमानिकांना 'सावध राहा' असे पत्रक काढणे हा झाला एक उपाय. दुसरा उपाय, नियंत्रक आणि वैमानिक यांच्या बोलण्याचे शब्द असे ठरवून टाकणे की त्यांचे दोन अर्थ निघूच नयेत. मला विचाराल तर दुसरा उपाय पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला. सावधपणा माणसागणिक आणि तासागणिक बदलतो, ठरवलेला शब्द बदलत नाही.

हाच धडा अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी पुन्हा गिरवावा लागला. टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. वैमानिकांनी तिचा अर्थ घेतला, आता आपण थेट १८०० फुटांपर्यंत खाली जाऊ शकतो. नियंत्रकाच्या मनातला अर्थ निराळा होता. विमान डोंगरावर आदळले, ९२ माणसे गेली. चौकशी मंडळाच्या पाच सदस्यांचे एकमत झाले नाही. तिघांनी वैमानिकांच्या खाली येण्याच्या निर्णयावर मुख्य बोट ठेवले, दोघांनी मतभेद नोंदवला. पण या चौकशीतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. त्याआधी सहा आठवडे दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाचा याच ठिकाणी, याच शब्दांमुळे असाच गैरसमज झाला होता. ते थोडक्यात बचावले. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना ही गोष्ट सांगून ठेवली. इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत ती पोचलीच नाही.

यावरून दोन मोठ्या गोष्टी झाल्या. विमान जमिनीच्या फार जवळ येत आहे असे दिसताच मोठ्याने इशारा देणारे यंत्र तेथे प्रवासी विमानांत सक्तीचे झाले, आणि पुढे त्याचा जगभर प्रसार झाला. दुसरी गोष्ट १९७६ साली झाली. आपल्या हातून चूक झाली आणि आपण कसेबसे बचावलो, हे वैमानिकाने किंवा नियंत्रकाने स्वतःहून लिहून कळवावे आणि त्याचे नाव गुप्त राहावे, अशी नोंद ठेवण्याची व्यवस्था अमेरिकेत सुरू झाली. शिक्षेची भीती असली की माणूस चूक लपवतो, आणि लपवलेली चूक दुसऱ्याच्या वाट्याला जशीच्या तशी येते. शाळेत गणित चुकलेला मुलगा पाटी पुसतो, तसेच हे. पाटी पुसली की गुरुजींना तो कोठे अडला ते कळत नाही.

कोणी म्हणेल, प्रवासी विमानांच्या बाबतीत हे ठीक, पण जेथे कर्मचाऱ्यांची चूक उघडउघड दिसते तेथे एवढे खोदकाम कशाला? त्यासाठी एका निराळ्या धर्तीच्या कामाचे उदाहरण घेतो. जंगलातील वणवे विझवण्यासाठी आता हेलिकॉप्टरे वापरतात. आपल्याकडेही एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालच्या जंगलांना आगी लागल्या तेव्हा वायुदलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तलावातून मोठ्या बादलीने पाणी उचलून आगीवर टाकले. हे काम जोखमीचे. धूर, डोंगर, वारा आणि वजन, चारही एकदम सांभाळायचे. आगीच्या जवळ माणसे पोचवणे आणि परत आणणे हेही हेलिकॉप्टरांनाच करावे लागते.

५ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्नियातील वीव्हरव्हिलजवळच्या डोंगरात अशाच एका मोठ्या हेलिकॉप्टरने वणवा विझवणाऱ्या जवानांना घेऊन सुमारे ६००० फूट उंचीवरच्या जागेवरून उड्डाण केले. आत १३ जण होते. ते नीट वर चढलेच नाही, झाडांना लागून कोसळले आणि पेटले. ९ जण गेले, ४ जण जबर जखमी झाले. सकृद्दर्शनी पाहणारा म्हणेल, वैमानिकाने झेपेल त्यापेक्षा जास्त वजन घेतले, उघड चूक आहे. वजनाचा हिशेब करूनच उडायचे असते आणि तो हिशेब वैमानिकच करतो.

चौकशी दोन वर्षांहून अधिक चालली. तिच्यात दिसले ते असे. वैमानिकांनी हिशेब केला होता. पण हिशेबासाठी त्यांना कंपनीने जे आकडे दिले तेच खोटे होते. रिकाम्या हेलिकॉप्टरचे वजन प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेले, आणि इंजिनाची ताकद दाखवणारा तक्ता फेरफार करून फुगवलेला. तराजूच खोटा असला तर दुकानातला नोकर कितीही प्रामाणिक असून उपयोग काय? चौकशी मंडळाने मुख्य दोष त्या खोट्या आकड्यांवर ठेवला आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यात कमी पडलेल्या दोन सरकारी खात्यांवर ठेवला. पुढे त्या कंपनीतील दोन माणसांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि त्यांपैकी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला २०१५ साली बारा वर्षांहून अधिक कैद झाली.

आता नीट लक्ष द्या. मंडळाने वैमानिकांना सोडून दिले नाही. त्याच जागेवरून त्या दिवशी आधी दोनदा उड्डाण करताना हेलिकॉप्टर आपल्या ताकदीच्या अगदी कडेला पोचले होते. ते त्यांना दिसत होते. तरी त्यांनी त्यावर काही केले नाही, कारण कडेला पोचून काम करण्याची त्यांना सवय झाली होती. हा दोष मंडळाने सहायक कारण म्हणून लिहिला. म्हणजे कर्मचाऱ्यांची चूक होतीच. पण ती आपल्या जागी लिहिली गेली, तिच्या वजनाइतकीच. चौकशी 'जास्त वजन घेतले' या पहिल्या उत्तरावर थांबली असती तर काय झाले असते? मेलेल्या वैमानिकावर सारा बोजा पडला असता, खोटे तक्ते तसेच फिरत राहिले असते, आणि दुसऱ्या कोठल्यातरी डोंगरावर दुसरे जवान त्याच तक्त्यांच्या भरवशावर हेलिकॉप्टरमध्ये बसले असते.

म्हणूनच विमान-अपघाताच्या चौकशीविषयी १९५१ साली जे आंतरराष्ट्रीय नियम प्रथम मान्य झाले, त्यांची पुढे वाढत गेलेली आवृत्ती आज स्पष्ट सांगते : चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, कोणाच्या माथी दोष मारणे हा नाही. गुन्हा असेल तर त्यासाठी पोलीस आणि न्यायालय वेगळे. आपल्या देशात २०१२ साली या धर्तीवर निराळे नियम झाले आणि अपघातांच्या चौकशीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. विमान उडवण्याची परवानगी देणारे खाते आणि विमान का पडले ते शोधणारे खाते एकच असू नये, हा त्यामागचा विचार. शिकवणाऱ्यानेच पेपर काढावा, त्यानेच तपासावा आणि वर्ग नापास झाला तर त्याची चौकशीही त्यानेच करावी, असे आपण कॉलेजात चालवून घेत नाही. मग आकाशात का चालवावे?

श्रोतेहो, आम्हा नारायण पेठेतील लोकांना चौकशी म्हणजे काय हे विमानात न बसताही माहीत आहे. जुन्नरच्या अपघाताला पाच दिवस कमी एक वर्ष होण्याआधी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर गाळ काढता काढता जो तो एकच विचारीत होता, 'चूक कोणाची?' ज्याचे घर गेले त्याने हा प्रश्न विचारावा हे अगदी रास्त आहे. त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. पण ज्याला पुढल्या वर्षी त्याच नदीकाठी पुन्हा घर बांधायचे आहे, त्याला या उत्तराने पुरत नाही. त्याला विचारावे लागते, हे कशामुळे झाले आणि आता काय बदलले?

जुन्नरच्या डोंगरावर गेलेल्या ९४ माणसांच्या घरच्यांनाही या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा हक्क होता. पहिल्याचे उत्तर अहवालाने दिले. दुसऱ्याचे उत्तर पुढे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या डोंगरांवर, पुष्कळ माणसे गेल्यावर हळूहळू मिळत गेले. आज मुंबईकडे येणाऱ्या विमानातल्या यंत्राला सह्याद्रीची उंची ठाऊक असते, आणि वैमानिक विसरला तर ते यंत्र ओरडून त्याला आठवण करून देते. माणसाची समजूत चुकणार, हे गृहीत धरूनच ते यंत्र बनवले आहे. चौकशीने माणसाला दोषी ठरवले म्हणून हे यंत्र झाले नाही. दोषी ठरवल्यानंतरही काही लोक 'का?' म्हणून विचारीत राहिले, म्हणून ते झाले.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात 'वैमानिकाची चूक' अशी ओळ वाचाल तेव्हा तिला खोटी म्हणू नका. ती पुष्कळदा खरी असते. फक्त तिच्याखाली अहवालाची आणखी पाने आहेत हे ध्यानात ठेवा, आणि ती पाने लिहिली गेली आहेत की नाहीत, एवढे अवश्य विचारा.